विश्लेषण : जर्मन हवाई दलाच्या बाहीवरून मोल्डर्स यांचे नाव का उतरले? कोण होते वर्नर मोल्डर्स?

जर्मन हवाई दलातील काही ठरावीक तुकड्यांच्या गणवेशावर, कोटाच्या बाहीच्या खालच्या टोकाला, एक अरुंद कापडी पट्टी शिवलेली असते. पट्टीवर एका वैमानिकाचे नाव असते. सध्या अशी नावे चार आहेत : रिख्थोफेन, बोल्के, इमेलमन आणि श्टाइनहोफ. २००५ पर्यंत पाचवे नावही होते, मोल्डर्स. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात बव्हेरियातील एका हवाई तळावरच्या जवानांच्या बाह्यांवरून ते उतरवण्यात आले. वर्नर मोल्डर्स यांच्या मृत्यूला तोपर्यंत ६३ वर्षे झाली होती. मग एवढ्या वर्षांनी कापडाच्या एका पट्टीवरून वाद का पेटला? मोल्डर्स कोण होते? आणि जर्मनीने हा निर्णय का घेतला?

नवे हवाई दल, जुन्या खुणा…

दुसऱ्या महायुद्धात पराभव झाल्यावर जर्मनीचे सैन्य बरखास्त झाले. पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारले ते १९५५ मध्ये. या सैन्याला बुंडेसवेर म्हणतात. पहिल्या १०१ स्वयंसेवकांना नेमणूकपत्रे देण्यासाठी १२ नोव्हेंबर १९५५ ही तारीख निवडली गेली. नेपोलियनच्या काळातील प्रशियाचे लष्करी सुधारक शार्नहोर्स्ट यांची ती २०० वी जयंती होती. नव्या सैन्याला हिटलरच्या मागचा इतिहास हवा होता, हे त्या तारखेतूनच दिसते.

हवाई दलापुढचा पेच अधिक अवघड होता. पायदळाला निदान शतकांचा इतिहास होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवण्यास बंदी घातली होती. स्वतंत्र हवाई दल म्हणून लुफ्तवाफे उघडपणे उभे राहिले ते १९३५ मध्ये, हिटलरच्या राजवटीत. म्हणजे नव्या हवाई दलाने मागे वळून पाहिले की आधी दिसायचे ते नाझी काळातले हवाई दलच. दलाचे नावही तेच राहिले.

गणवेशात मग काय ठेवले आणि काय काढले? हवाई दलाचा सोनेरी पिवळा रंग कॉलरवर राहिला. पंखाचे चिन्हही राहिले. छातीवरचा, पायात स्वस्तिक धरलेला गरुड गेला. विमानाच्या शेपटीवर पूर्वी नाझी स्वस्तिक असे, तिथे काळा-लाल-सोनेरी राष्ट्रध्वज आला. विमानाच्या अंगावरचा सरळ रेषांचा क्रॉस जाऊन त्या जागी टोकाकडे रुंद होत जाणारा, जुन्या ‘आयर्न क्रॉस’च्या आकाराचा क्रॉस आला.

पदकांचा प्रश्न १९५७ च्या कायद्याने सोडवला. महायुद्धात मिळालेली पदके लावण्यास परवानगी मिळाली, पण नाझी स्वस्तिक काढून. आयर्न क्रॉसच्या मधोमध जिथे ते चिन्ह होते, तिथे ओकची पाने आली. माणसाचा पराक्रम मान्य, ज्या राजवटीसाठी तो गाजवला ती अमान्य, अशी ही तडजोड होती. मोल्डर्स यांच्या नावाचा वाद समजून घेताना ही तडजोड लक्षात ठेवावी लागते.

बाहीवरच्या पट्टीचे महत्त्व काय?

कॉलरवरचा रंग तुम्ही कोणत्या दलात आहात ते सांगतो. खांद्यावरचे तारे हुद्दा सांगतात. बाहीवरची पट्टी या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. तुम्ही कोणाचा वारसा चालवता, हे ती सांगते. पट्टीवरचे नाव त्या तुकडीतला प्रत्येक जण अंगावर घालतो. मग तो वैमानिक असो, मेकॅनिक असो की स्वयंपाकघरातला जवान.

नव्या हवाई दलात अशी पहिली तीन नावे २१ एप्रिल १९६१ रोजी देण्यात आली. ‘रेड बॅरन’ म्हणून जगभर ओळखले जाणारे मानफ्रेड फॉन रिख्थोफेन याच तारखेला १९१८ मध्ये मारले गेले होते. दुसरे नाव हवाई लढाईचे पहिले लेखी नियम घालून देणारे ओस्वाल्ड बोल्के यांचे आणि तिसरे माक्स इमेलमन यांचे. बोल्के आणि इमेलमन दोघेही १९१६ मध्ये मरण पावले. तिघेही पहिल्या महायुद्धातले, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीचे. त्यामुळे ही नावे बिनधोक मानली गेली. पण हीच तिन्ही नावे नाझी काळातही हवाई दलाच्या तुकड्यांना दिलेली होती, हेही खरे.

माणसांच्या बाबतीतही असेच होते. नवे हवाई दल चालवायला अनुभवी वैमानिक हवे होते आणि ते जुन्या दलातच होते. रिख्थोफेन तुकडीचे पहिले प्रमुख होते एरिश हार्टमन. दुसऱ्या महायुद्धात ३५२ विमाने पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. युद्धानंतर सुमारे १० वर्षे सोव्हिएत कैदेत काढून ते परतले होते. अशा अधिकाऱ्यांच्या पिढीत सर्वाधिक आदराने घेतले जाणारे एक नाव होते वर्नर मोल्डर्स यांचे.

वडिलांविना बालपण, धर्माचे संस्कार…

मोल्डर्स यांचा जन्म १८ मार्च १९१३ रोजी जर्मनीच्या कोळसा पट्ट्यातील गेल्झेनकिर्शेन शहरात झाला. वडील शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधील आघाडीवर मारले गेले. वर्नर तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. आई अ‍ॅनेमारी चार मुलांना घेऊन बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्ग शहरात आपल्या माहेरी आली.

घर कॅथलिक होते आणि शहर बहुतांशी प्रोटेस्टंट. अशा ठिकाणी अल्पसंख्य समाज आपापसात घट्ट बांधलेला असतो. वर्नर कॅथलिक युवक संघटनेत वाढले. तिथल्या एरिश क्लाविटर या धर्मगुरूंशी जुळलेले नाते आयुष्यभर टिकले. पुढे मोल्डर्स यांचे लग्नही याच धर्मगुरूंनी लावले. ही श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. मृत्यूनंतर त्यांच्या नावाभोवती ज्या कथा तयार झाल्या, त्यांचे मूळ इथेच आहे.

१९३१ मध्ये शालेय शिक्षण संपवून ते सैन्यात दाखल झाले. व्हर्सायच्या तहामुळे तेव्हा जर्मन सैन्याची मर्यादा एक लाखाची होती. तिथे अधिकारी म्हणून निवड होणे कठीण होते. सुरुवात पायदळातून झाली. त्यांना मात्र विमान चालवायचे होते.

चक्कर येणारा वैमानिक…

पहिल्या वैद्यकीय तपासणीत मोल्डर्स उड्डाणासाठी अपात्र ठरले. पुन्हा प्रयत्न करून त्यांनी परवानगी मिळवली आणि १९३४ मध्ये प्रशिक्षण सुरू झाले. पण विमान हवेत गेले की चक्कर येई, उलट्या होत. अशा प्रशिक्षणार्थीला घरी पाठवणे हा सोपा मार्ग होता. त्यांनी त्रास सोसत उड्डाणे चालू ठेवली आणि काही महिन्यांत शरीराला सवय लागली.

पुढे ते उत्तम प्रशिक्षक झाले. हाताखालच्या मुलांची काळजी घेणारा, त्यांना घाईने लढाईत न लोटणारा अधिकारी अशी त्यांची ओळख झाली. तिशीही न गाठलेल्या या अधिकाऱ्याला सहकारी ‘फाटी’ म्हणू लागले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘बाबा’.

स्पेनमध्ये काय घडले?

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले. निवडून आलेल्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँको यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने बंड केले. हिटलरने फ्रँको यांच्या मदतीला विमाने आणि माणसे पाठवली. या तुकडीचे नाव ‘काँडॉर लीजन’. जर्मनी अधिकृतपणे या युद्धात नव्हता. त्यामुळे जवान जर्मन गणवेश न घालता खाकी-तपकिरी गणवेश घालून लढत. नव्या हवाई दलासाठी ही जिवंत प्रयोगशाळा होती.

२६ एप्रिल १९३७ रोजी काँडॉर लीजन आणि इटलीच्या विमानांनी बास्क प्रांतातील गेर्निका या गावावर बॉम्बहल्ला केला. गाव जळून खाक झाले, शेकडो नागरिक मारले गेले. पिकासोच्या चित्राने हे नाव जगभर पोहोचवले. हल्ल्याच्या वेळी लीजनचे चीफ ऑफ स्टाफ होते वोल्फ्राम फॉन रिख्थोफेन. ते ‘रेड बॅरन’चे नात्यातले.

मोल्डर्स स्पेनमध्ये पोहोचले ते एप्रिल १९३८ मध्ये, म्हणजे गेर्निकाच्या हल्ल्यानंतर वर्षभराने. ते लढाऊ विमानाचे वैमानिक होते, बॉम्बफेकी विमानाचे नव्हते. मे महिन्यात त्यांनी अ‍ॅडॉल्फ गालांड यांच्याकडून एका स्क्वॉड्रनची सूत्रे घेतली. वर्षअखेर मायदेशी परतण्यापूर्वी त्यांच्या नावावर १४ विमाने पाडल्याची नोंद झाली. स्पेनमध्ये लढलेल्या जर्मन वैमानिकांत ती सर्वाधिक होती.

चार बोटांची रचना म्हणजे काय?

मोल्डर्स यांचे सर्वांत टिकाऊ काम स्पेनमध्येच झाले. तोवर बहुतेक हवाई दलांत तीन विमाने इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात, एकमेकांना चिकटून उडत. दिसायला हे छान असे, पण वैमानिकाचे अर्धे लक्ष शेजारच्या विमानाला धडक बसू नये याकडेच राही. शत्रू कुठून येतोय हे पाहायला सवड नसे.

स्पेनमध्ये जर्मन वैमानिकांनी दोन विमानांची जोडी हा मूळ घटक मानला. पुढचा हल्ला करतो, मागचा त्याची पाठ राखतो. अशा दोन जोड्या एकत्र आल्या की चार विमानांची रचना होते. हाताची चार बोटे सैल पसरली की टोके जशी पुढे-मागे दिसतात, तशी ही विमाने उडतात. त्यांच्यात अंतर भरपूर असते. प्रत्येक वैमानिकाला आकाशाचा वेगवेगळा भाग पाहता येतो आणि वळताना विमाने जागा बदलू शकतात. ही पद्धत बसवण्यात आणि शिकवण्यात मोल्डर्स यांचा मोठा वाटा होता. पुढे ब्रिटिशांनीही ती उचलली. जगभरच्या लढाऊ वैमानिकांना ही रचना आजही ‘फिंगर फोर’ या नावाने ओळखीची आहे.

शंभर विमाने आणि हिऱ्यांचे पदक…

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. मे १९४० मध्ये, २० विमाने पाडल्यावर, मोल्डर्स यांना ‘नाइट्स क्रॉस’ हे पदक मिळाले. लढाऊ वैमानिकांत ते मिळवणारे ते पहिलेच. पुढच्याच आठवड्यात, ५ जूनला, रेने पोमिये लेरार्ग या तरुण फ्रेंच वैमानिकाने त्यांचे विमान पाडले. मोल्डर्स पॅराशूटने उतरले आणि युद्धकैदी झाले. लेरार्ग त्याच दिवशी दुसऱ्या चकमकीत मारला गेला. काही आठवड्यांत फ्रान्सने शरणागती पत्करली आणि मोल्डर्स सुटले.

जुलैमध्ये ते ‘जेजी ५१’ या तुकडीचे प्रमुख झाले. वय २७. ब्रिटनवरील हवाई युद्धात एका चकमकीत ते जखमी झाले, तरी पुन्हा परतले. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा त्यांची तुकडी पूर्व आघाडीवर होती. १५ जुलै १९४१ रोजी दुसऱ्या महायुद्धातली त्यांची संख्या १०० च्या पुढे गेली. हा आकडा गाठणारे ते जगातले पहिले वैमानिक ठरले. हिटलरने त्यांच्यासाठी हिरेजडित नाइट्स क्रॉस दिला. हे पदक मिळवणारेही ते पहिलेच.

यानंतर त्यांच्या लढाऊ उड्डाणांवर बंदी आली. इतका प्रसिद्ध माणूस आघाडीवर मारला जाणे राजवटीला परवडणारे नव्हते. वृत्तपत्रांत, वृत्तपटांत त्यांचा चेहरा झळकत होता. ऑगस्टमध्ये, २८ व्या वर्षी, त्यांच्याकडे लढाऊ विमान दलाच्या निरीक्षणाची जबाबदारी आली. सप्टेंबरमध्ये त्यांनी लुईझे यांच्याशी लग्न केले. लुईझे यांचे पहिले पती मोल्डर्स यांचे मित्र होते आणि ते आधीच मरण पावले होते.

मृत्यू कसा झाला?

नोव्हेंबर १९४१ मध्ये मोल्डर्स क्रिमियाच्या आघाडीवर पाहणी करत होते. १७ नोव्हेंबरला हवाई दलातील बडे अधिकारी एर्न्स्ट उदेत यांनी आत्महत्या केली. नवे शस्त्र तपासताना अपघात झाला, असे राजवटीने जाहीर केले. उदेत यांच्या अंत्यसंस्कारासाठी मोल्डर्स यांना बर्लिनला बोलावणे आले.

हाइंकेल १११ या विमानातून ते प्रवासी म्हणून निघाले. हवा खराब होती. २२ नोव्हेंबरला ब्रेस्लाऊ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) इथे उतरताना इंजिनाने दगा दिला आणि विमान कोसळले. शंभरावर विमाने पाडलेल्या मोल्डर्स यांचा मृत्यू दुसऱ्याने चालवलेल्या विमानाच्या अपघातात झाला. वय होते २८. त्यांची मुलगी त्यानंतर जन्मली.

बर्लिनमध्ये सरकारी इतमामात दफन झाले, रिख्थोफेन यांच्या कबरीच्या जवळ. ‘जेजी ५१’ तुकडीला त्यांचे नाव देण्यात आले आणि तिच्या जवानांच्या बाहीवर मोल्डर्स नावाची पट्टी पहिल्यांदा आली. म्हणजे ही पट्टी मुळात नाझी राजवटीने दिलेली.

बनावट पत्राची गोष्ट…

मोल्डर्स यांची खरी परीक्षा मृत्यूनंतर झाली असे म्हणता येईल. १९४२ च्या सुरुवातीला जर्मनीत एक पत्र फिरू लागले. मोल्डर्स यांनी एका कॅथलिक धर्मगुरूंना लिहिलेले हे शेवटचे पत्र आहे, असे सांगितले जाई. धर्मावरची निष्ठा आणि राजवटीविषयीची नाराजी त्यातून सूचित होत होती. हाताने नकला काढून लोक ते एकमेकांना देत. काही चर्चमध्ये ते वाचूनही दाखवले गेले. मोल्डर्स यांचा अपघात झालाच नाही, त्यांना मारले गेले, अशी कुजबुज त्यासोबत पसरली. गेस्टापोने पत्राचा उगम शोधण्यासाठी जंग जंग पछाडले.

पत्र बनावट होते. ब्रिटनच्या गुप्त प्रचार विभागाने ते तयार करून जर्मनीत पसरवले होते. या कामामागचे पत्रकार सेफ्टन डेल्मर यांनी १९६२ मध्ये आपल्या आठवणींत ते उघड केले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते ‘फेक न्यूज’ होते आणि ‘व्हायरल’ झाले. त्यावर विश्वास बसला, कारण मोल्डर्स खरोखरच श्रद्धाळू कॅथलिक होते आणि हे सर्वांना ठाऊक होते.

याचा परिणाम युद्धानंतरही राहिला. राजवटीपासून मनाने दूर असलेला, सचोटीचा सैनिक अशी मोल्डर्स यांची प्रतिमा घट्ट झाली. नव्या हवाई दलाला नेमका असाच माणूस हवा होता.

नाव कसे मिळाले?

आधी नाव आले नौदलात. अमेरिकेतील मेन राज्यात जर्मन नौदलासाठी तीन विनाशिका बांधल्या गेल्या. नौदल, हवाई दल आणि पायदळ यांतील एकेका व्यक्तीचे नाव त्यांना देण्यात आले : ल्युट्येन्स, मोल्डर्स आणि रोमेल. एप्रिल १९६७ मध्ये ‘मोल्डर्स’ ही विनाशिका पाण्यात सोडण्यात आली, तेव्हा नामकरण केले वर्नर यांच्या आईने. पती एका महायुद्धात आणि मुलगा दुसऱ्यात गमावलेली ही स्त्री होती.

२२ नोव्हेंबर १९७३ रोजी, मोल्डर्स यांच्या ३२ व्या स्मृतिदिनी, बव्हेरियातील नॉयबुर्ग येथील ‘जेजी ७४’ या तुकडीला त्यांचे नाव मिळाले. बाहीवरची पट्टी परत आली. तेव्हा सरकार विली ब्रांट यांचे, म्हणजे सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेतृत्वाखालचे होते. स्पेनचा मुद्दा त्या वेळी आड आला नाही.

१९९८ मध्ये काय बदलले?

गेर्निकाच्या हल्ल्यातील जर्मनीचा दोष जर्मन राष्ट्राध्यक्ष रोमान हेरत्सोग यांनी १९९७ मध्ये, हल्ल्याच्या ६० व्या स्मृतिदिनी, मान्य केला. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल १९९८ रोजी, जर्मन संसदेने ठराव केला : काँडॉर लीजनमध्ये लढलेल्यांचा यापुढे सैन्याने सन्मान करू नये, त्यांची नावे लष्करी वास्तूंना असतील तर ती काढावीत.

ठराव झाला, पण नॉयबुर्गमधील पट्टी तशीच राहिली. २००४ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा विषय पुन्हा काढला, तेव्हा संरक्षण मंत्रालयाने पॉट्सडॅम येथील लष्करी इतिहास संशोधन संस्थेकडून अहवाल मागवला. मोल्डर्स राजवटीपासून स्पष्टपणे दूर राहिले होते, याला आधार मिळत नाही, असा त्या अहवालाचा सूर होता. २८ जानेवारी २००५ रोजी संरक्षणमंत्री पेटर श्ट्रुक यांनी नाव काढण्याचा निर्णय जाहीर केला. तेही सोशल डेमोक्रॅटच. ११ मार्च २००५ रोजी नॉयबुर्गच्या तुकडीचे नाव अधिकृतपणे गेले. फिसेलहोफेडे येथील लष्करी छावणीलाही मोल्डर्स यांचे नाव होते. तेही गेले.

विरोध कशासाठी झाला?

निवृत्त अधिकारी आणि बव्हेरियातील राजकारणी यांच्याकडून तीव्र प्रतिक्रिया आल्या. निवृत्त ब्रिगेडियर जनरल हेरमान हागेना यांनी पुढे मोल्डर्स यांच्या बाजूने पुस्तकच लिहिले. विरोधकांचे मुद्दे बिनबुडाचे नव्हते. मोल्डर्स गेर्निकाच्या वेळी स्पेनमध्ये नव्हतेच. त्यांनी नागरिकांवर बॉम्ब टाकले नाहीत. एखाद्या गुन्ह्यात त्यांचा हात असल्याचा ठपका कोणी ठेवला नव्हता. नाझी पक्षाचे ते सदस्यही नव्हते. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावून एका माणसाचे नाव का खराब करायचे, असा त्यांचा सवाल होता.

यातला पक्षसदस्यत्वाचा मुद्दा मात्र फारसा टिकत नाही. त्या काळी सेवेतील सैनिकांना राजकीय पक्षाच्या कामात सहभागी होण्यास कायद्यानेच मनाई होती. सदस्य नसणे ही बंडखोरीची खूण ठरत नाही. कॅथलिक श्रद्धेचेही तसेच. श्रद्धा खरी होती, पण तिच्यापायी मोल्डर्स यांनी राजवटीशी उघड टक्कर घेतल्याचा पुरावा नाही. ज्या पत्राने तसा समज झाला ते ब्रिटनमध्ये लिहिलेले होते.

निर्णयाच्या बाजूने असलेल्यांचा मुद्दा वेगळ्या पातळीवरचा होता. मोल्डर्स गुन्हेगार होते का, हा खटला इथे नव्हताच. आजच्या लोकशाही देशातल्या विशीतल्या जवानाने त्यांचे नाव अंगावर का वागवावे, हा प्रश्न होता. स्पेनमध्ये ते एका निवडून आलेल्या सरकारविरुद्ध, चोरून पाठवलेल्या सैन्यातून लढले. पुढे सोव्हिएत संघावरच्या आक्रमणात लढले. कौशल्य, धैर्य, हाताखालच्यांची काळजी हे सगळे गुण त्यांच्यात होते. ते ज्या कामासाठी वापरले गेले, ते मात्र पट्टीवर लिहिलेल्या नावापासून वेगळे काढता येत नाही. १९५७ मध्ये पदकावरून स्वस्तिक काढून ओकची पाने बसवता आली. नावाच्या बाबतीत तशी शस्त्रक्रिया शक्य नव्हती.

जर्मन सैन्यात यासाठी परंपरेविषयीचा स्वतंत्र आदेशच आहे. १९६५, १९८२ आणि २०१८ अशा तीन वेळा तो काढला गेला आणि दर वेळी भूमिका अधिक स्पष्ट झाली. २०१८ च्या आदेशानुसार नाझी काळातील सैन्य, एक संस्था म्हणून, आजच्या सैन्याचा आदर्श होऊ शकत नाही. व्यक्तींचा विचार एकेक करून, त्यांनी त्याखेरीज काय केले हे पाहून करावा लागतो.

मग आदर्श कोण?

याचे एक उत्तर श्टाइनहोफ या नावात आहे. योहानेस श्टाइनहोफ हेही दुसऱ्या महायुद्धातले नामवंत लढाऊ वैमानिक. एप्रिल १९४५ मध्ये जेट विमानाच्या अपघातात त्यांचा चेहरा भाजून विद्रूप झाला. पुढे ते पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाचे प्रमुख आणि नंतर ‘नाटो’च्या लष्करी समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील लागे येथील तुकडीला त्यांचे नाव मिळाले. ते आजही बाहीवर आहे, कारण लोकशाही जर्मनीचे हवाई दल घडवण्यात त्यांचा हात होता. मोल्डर्स यांना ती संधीच मिळाली नाही. जगले असते तर ते काय झाले असते, हे सांगता येत नाही आणि पट्टी त्या अंदाजावर देता येत नाही.

दुसरे उत्तर २०२१ मधले. हाम्बुर्गजवळच्या आपेन येथील हवाई दलाच्या छावणीला हान्स-योआखिम मार्साय या दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध वैमानिकाचे नाव होते. ते बदलून युर्गेन शूमान यांचे देण्यात आले. शूमान हे नव्या हवाई दलातले स्टारफायटर वैमानिक, नंतर लुफ्तान्झाचे कॅप्टन. १९७७ मध्ये अपहरण झालेल्या ‘लान्ड्सहूट’ विमानाचे ते वैमानिक होते. प्रवाशांच्या जिवासाठी धडपडताना एडन येथे अपहरणकर्त्यांनी त्यांना गोळी घातली.

मोल्डर्स यांचे नाव पूर्ण पुसले गेले आहे का? तसे नाही. २००३ मध्ये सेवेतून निवृत्त झालेली ‘मोल्डर्स’ ही विनाशिका विल्हेल्म्सहाफेनच्या नौदल संग्रहालयात उभी आहे, त्याच नावाने. संग्रहालयात नाव इतिहास म्हणून वाचले जाते, गणवेशावर ते अनुकरणासाठी असते. नॉयबुर्गच्या तळावर आज युरोफायटर विमाने आहेत. दक्षिण जर्मनीच्या आकाशात अनोळखी विमान आले तर सर्वांत आधी तीच उडतात. या तुकडीला नाव नाही, फक्त क्रमांक आहे : ७४.